वायर बदलली की आवाज बदलतो म्हणे

४ मे, रविवार

आज घरात तिसरी वायर आली. वायर म्हटलेलं ह्यांना आवडत नाही, केबल म्हणायचं. बरं, केबल. करंगळीएवढी जाड, अंगावर विणलेलं काळं कापड, टोकांना सोनेरी बोंडं, आणि झोपायला मखमलीची पेटी. माझ्या लग्नातले कानातले वर्तमानपत्राच्या पुडीतून आले होते. किंमत इथं लिहीत नाही. लिहिली तर रक्तदाबाची गोळी पुन्हा घ्यावी लागेल.

माझी नोकरी वजनकाटे तपासण्यात गेली. पारड्याखाली चिकटवलेला चुंबक मी नुसत्या बोटानं शोधायची, आणि दुकानदार "मॅडम, चहा घ्या" म्हणाला की समजायची, आणखी एक आहे. निवृत्त झाले तरी डोळा तोच आहे. वायरीतून वीज जाते. विजेला काय कळतं, अंगावर मखमल आहे की सुतळी?

आमचे हे, कडुबा, तरुणपणी भीमगीतांच्या गायन पार्टीबरोबर माइक घेऊन गावोगाव फिरायचे. मग वाळूजच्या कंपनीत लागले, पण मुकुंदवाडीत अजून "कडुबाचा कान" म्हणून नाव आहे. माइक शिट्टी मारणार हे त्यांना आधी कळायचं. गाणी ऐकायचा हा एकच शौक, दुसरं व्यसन नाही, म्हणून मी आजवर तोंड उघडलं नाही. पण गेल्या दिवाळीपासून काहीतरी बिनसलंय. सेटचा आवाज बसलाय, शब्द उघडत नाहीत, झांज तर येतच नाही, असं सुरू झालं. आधी अॅम्प्लिफायरच्या पोटातले भाग बदलले, जपानी म्हणे. मग स्पीकर. मग वायरींची रांग. मला झांज तेव्हाही ऐकू येत होती, आजही येते. तसं सांगितलं तर म्हणाले, "तुझा कान तयार नाय, सुलेखा."

नवी वायर लावून खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "लई मोकळा झाला आवाज." मागच्या दोन्ही वायरींना हेच सर्टिफिकेट मिळालं होतं. मला त्या गुलमंडीच्या अभयचा संशय आहे. ह्या सगळ्या वस्तू त्याच्याच दुकानातून येतात.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

सकाळी मुकुंदवाडीच्या विहारात. नवा हॉल देखणा झालाय, गुळगुळीत फरशी, मोठ्या काचा, उंच छत. पण आवाज असा घुमतो की भन्तेजींचं बोलणं पुढच्या दोन ओळींनाच कळलं. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, इथं रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होणार आणि म्हाताऱ्या बाया त्याचीच वाट बघतात. पारूबाई माझ्या शेजारी होती. म्हणाली, "बाई, शब्द कळाला पायजे. नुसती गुणगुणच ऐकायची तर घरी पंखा हाय की."

समितीचे अध्यक्ष काकासाहेब उभे राहिले. हॉलसाठी साउंडचा सेट घ्यायचाय. एक अभयच्या दुकानातला परदेशी, भारी. दुसरा आपल्या इथला साधा. वर्गणी घराघरातून जमलीय, तेव्हा निर्णय कडुबाभाऊंनी करावा. टाळ्या पडल्या. ह्यांनी हात जोडले. मला अभिमान वाटला. पण पुन्हा तोच अभय.

निघताना काकासाहेबांनी मला बाजूला घेतलं. "ताई, राग नका मानू. पण भाऊ आजकाल जय भीम घेत नाहीत."

"म्हणजे?"

"मागून घाला, बाजूनं घाला, बघतबी नाहीत. निघून जातात. सिडकोत ऱ्हायला गेल्यापासून लोक बोलाया लागले, साहेब झाला म्हणून."

पारूबाई तिथंच होती. "म्या तर घालायचंच सोडलं," म्हणाली आणि पदर सावरत निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या वस्तीनं ह्यांना शिकवलं, त्या वस्तीचा जय भीम घ्यायला ह्यांची मान वळत नाही?

घरी आल्यावर तोंडावर विचारलं. म्हणाले, "कोण म्हणतं? ज्यानं जय भीम घातला त्याला मी कधी सोडला नाय." खोटं बोलणारा माणूस नजर चुकवतो, हे मला नोकरीत कळलं. ह्यांनी चुकवली नाही. म्हणजे चांगलेच सरावलेत.

१८ मे, रविवार

ह्यांच्याबरोबर गुलमंडीला गेले. साडीला फॉल घ्यायचा हे निमित्त, खरं काम पहारा.

अभय गोड माणूस आहे आणि मला गोड माणसं चालत नाहीत. वहिनी, बसा, वहिनी, पाणी. मी कपाटातल्या पेट्या वाचत होते, पण लक्ष तिकडंच. तो काउंटरवरून वाकून ह्यांच्या कानाशी लागला. "भाऊ, एकदा दाखवून घ्या. उशीर करू नका. माझ्या वडिलांनीबी असंच टाळलं." ह्यांचा चेहरा लाल झाला. "तू तुझं काम कर," म्हणाले आणि काही न घेता बाहेर पडले.

दाखवून घ्या म्हणे. म्हणजे घरचा सेट उचलून ह्याच्या दुकानात आणायचा, हा त्यात दहा दोष काढणार. आणि गिऱ्हाईक पटवायला स्वतःच्या वडिलांना मध्ये आणायचं! मी पुष्कळ दुकानदार बघितले, पण हे नवीन.

परत येताना मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला, हे रस्त्याच्या मधोमध. मी दंडाला धरून ओढलं. रिक्षावाला ओरडला, "चाचा, सुनाई नै देता क्या?" वायरींच्या विचारात चालतात आणि शिव्या मी ऐकायच्या.

२५ मे, रविवार

आज मी सापळा लावला.

हे भाजीला गेल्यावर कपाटामागं हात घातला. दोन्ही स्पीकरच्या भारी वायरी काढल्या, मखमलीच्या पेटीत घालून माझ्या साड्यांखाली ठेवल्या. त्यांच्या जागी दाराच्या घंटीची उरलेली लाल-पिवळी वायर जोडली. इस्त्रीच्या वायरीपेक्षाही बारीक. मग गवार निवडत बसले.

हे आले, चहा घेतला, गाणं लावलं, खुर्चीत बसले. मी गवार निवडत बघत होते. जरा वेळानं मान डोलावत म्हणाले, "केबल आता मुरली बघ. अभय म्हणलाच व्हता, मुरायला वेळ लागतो."

"लोणच्यासारखी?" मी विचारलं.

"हां."

पदर तोंडात कोंबून मी आत पळाले. लोणच्यासारखी! हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मग मीही बाहेर येऊन मन लावून ऐकलं, कारण तपासणी करणाऱ्यानं स्वतःची बाजू सोडू नये. भारी वायरीला जे गाणं होतं तेच घंटीच्या वायरीला. एक कण इकडचा तिकडं नाही. माझ्या कानाला तर नाहीच.

१ जून, रविवार

रूपाचा पुण्याहून फोन. ह्यांच्या हातात दिला तर "बोल तुझ्या आईशी" म्हणून माझ्याकडं परत. पोटच्या मुलीशी बोलायला वेळ नाही. रूपा म्हणाली, "मम्मी, पप्पा माझ्यावर रागावलेत का? मी काय विचारते आणि ते काय उत्तर देतात." मी म्हटलं, तुझ्या पप्पांचं डोकं स्पीकरात अडकलंय.

दुपारी विहारात जाऊन काकासाहेबांना घंटीच्या वायरीची गोष्ट सांगितली. ते हसले, मग गंभीर झाले. वर्गणी अशी सोनेरी बोंडांत जायला नको, हे त्यांनाही पटलं. मीच उपाय सुचवला. दोन्ही सेट पडद्यामागं ठेवा. एकच वाचन दोन्हींवर वाजवा. कुठला भारी ते भाऊंनी नुसतं ऐकून सांगायचं, तीन वेळा. भाऊंच्या कानाला फरक कळत नसेल तर साधा सेट घ्या. पडद्यामागं मी बसेन. चिठ्ठ्या मी करीन, मी उघडीन, मीच सांगेन. दुसरं कोणी आत नको, फितुरी नको.

"तुम्ही सरकारी माणूस, ताई," काकासाहेब म्हणाले. "तुम्ही मापात पाप करणार नाही."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी, वंदनेनंतर ठरलं.

३ जून, मंगळवार

काकासाहेब घरी येऊन ह्यांना परीक्षेचं सांगून गेले. ह्यांचा चेहरा उतरला. मी समोरच होते. साधा उतरला नाही, पांढरा पडला. "पडद्यामागं कशाला?" म्हणाले. "समोर ठेवा. मी सांगतो की."

पाणी मुरतंय. रात्री मला झोप नाही. भारी सेट विकला गेला तर अभय ह्यांना काही देणार आहे का? इतक्या वर्षांत ह्यांनी कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही. पण मी असे पुष्कळ बघितले. लिहायला हात धजत नाही, तरी लिहून ठेवते. माझा माझ्या नवऱ्यावर संशय आहे.

१५ जून, रविवार

कुठून सुरुवात करू?

घंटीच्या वायरीनं माझं समाधान झालं नव्हतं. परीक्षेत हे अंदाजानं तीनही सांगून गेले तर? म्हणून आज आणखी एक सापळा लावला. हे अंघोळीला गेल्यावर डाव्या स्पीकरची वायरच उपसून काढली. एक बाजू ठार बंद. हे तर शेजारच्या लेकरालाही कळेल. कडुबाच्या कानाला कळणार नाही? कळलं की म्हणायचं, तीन आठवडे घंटीची वायर ऐकताय, महाराज.

हे खुर्चीत बसले. गाणं लागलं. सगळा आवाज उजव्या भिंतीतून. मी मुद्दाम विचारलं, "आज कसा वाटतोय?" समोर उभं राहून, मोठ्यानं.

"दोन्ही बाजू कशा भरून येतायत," म्हणाले.

मी हसायला तोंड उघडलं आणि हसू आलंच नाही. डोळे मिटलेले होते त्यांचे. चेहरा असा लावला होता, जसा कोणी फोटो काढतंय.

मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले, खुर्चीच्या मागं. हळू हाक मारली. मग नेहमीसारखी. मग म्हटलं, "अहो, मी चालले कायमची पैठणला, भावाकडं." पेपर उचलला आणि उघडला त्यांनी. पान उलटलं. "तुम्ही अभयकडून पैसे खाता," मी म्हटलं. दुसरं पान उलटलं.

स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. जय भीम. रूपाचा फोन. रिक्षा. "एकदा दाखवून घ्या." सगळं समोर पडलेलं होतं आणि मी मुडद्यासारखी बघत होते. सेटचा आवाज कधी बसलाच नव्हता. आधी ह्यांना खरंच वाटलं असेल की सेट बिघडला, म्हणून एकेक भाग बदलत गेले. कधीतरी कळलं असेल. तेव्हापासून मोकळा झाला, भरून आला, असं म्हणत बसलेत, आपल्याच घरात, माझ्यासमोर. मला सांगितलं नाही. मला का सांगावं? मी काय करणार होते, पडद्यामागं बसून चिठ्ठ्या काढणार होते.

भारी वायरी परत जोडून ठेवल्या. का, ते मलाच माहीत नाही.

२२ जून, रविवार

परीक्षा मोडायचा प्रयत्न केला. काकासाहेबांना म्हटलं, राहू द्या, भाऊंच्या शब्दावर साधा सेट घेऊन टाका. ते चमकले. "ताई, तुम्हीच तर म्हणला. आता अख्ख्या वस्तीला सांगून झालं. आता मोडलं तर लोक म्हणतील, नवराबायकोनं काहीतरी केलं." माझंच शिकवलेलं मला परत.

ह्यांना म्हटलं, तब्येतीचं निमित्त करा. समोर बसून, तोंड नीट उघडून म्हटलं. माझ्या ओठांकडं बघत होते. आधी कधी कसं दिसलं नाही मला, हे ओठांकडं बघतात ते? म्हणाले, "पळालो म्हणतील. जायाला पायजे."

मला ठाऊक आहे असं सांगून टाकावं, हे पन्नासदा ओठांवर आलं. पण त्यांनी इतक्या कष्टानं लपवलंय, ते मी आपल्या हातानं कसं उघडायचं? वस्तीत एवढी एकच गोष्ट त्यांच्या नावावर आहे, कान.

२९ जून, रविवार

रात्र झालीय, तरी आजच लिहायचं.

हॉल भरला होता. पुढं जाड निळा पडदा, आत दोन्ही सेट, दोन्हींना जोडलेला एक खटका, आणि मी. पडद्याला शिवण उसवलेली होती, तिथून बाहेरचं दिसत होतं. हे पहिल्या ओळीत, खुर्चीवर, पांढरा शर्ट. शेजारी काकासाहेब माइक घेऊन. मागं पारूबाई आणि बाया सतरंजीवर. अभयही आलेला, भिंतीला टेकून.

पहिली चिठ्ठी. आधी साधा, मग भारी. वस्तीतल्या एका पोरीनं वाचलेलं पान फोनमध्ये होतं, ते दोन्हींवर वाजवलं. खरं सांगते, मला दुसरा जरा उजळ वाटला. पण मला ठाऊक होतं दुसरा कुठला आहे ते, त्यामुळं माझ्या वाटण्याला किंमत नाही.

"भारी कुठला, भाऊ?" काकासाहेबांनी तोंडासमोर येऊन विचारलं.

"पहिला," हे म्हणाले.

चूक. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "बरोबर!"

काकासाहेबांनी हात वर केला. टाळ्या. ह्यांनी काकासाहेबांच्या वर गेलेल्या हाताकडं बघितलं, मग पडद्याकडं.

दुसरी चिठ्ठी. आधी भारी. हे म्हणाले, "पहिला." हे खरंच बरोबर होतं. तिसरी, आधी साधा. हे पुन्हा म्हणाले, "पहिला." मी पुन्हा ओरडले, "बरोबर!" आता आवाज माझा मलाच ओळखू येईना.

टाळ्या थांबेनात. पारूबाई गुडघ्यावर हात आपटत होती. तिनं लोकांच्या घरची धुणीभांडी करून वर्गणी दिलीय. मी उसवलेल्या शिवणीतून ते बघत होते. सगळी नोकरी मी दुसऱ्यांची खोटी वजनं जप्त करण्यात घालवली.

"ठरलं मग," काकासाहेब माइकवर म्हणाले. "कडुबाभाऊंच्या कानानं सांगितलं, भारीत फरक हाय. भारीच घ्यायचा."

"थांबा," हे उठले. काकासाहेबांच्या हातातून माइक घेतला. "मी तीन बी वेळा पहिलाच म्हणलो. वाजायच्या आधीच ठरवलं व्हतं. म्हणलं चुकू द्या. चुकलो की लोक म्हणतील, कडुबाचा कान गेला, आन् मी सुटलो. माझ्या तोंडानं सांगायची हिंमत व्हत नव्हती. तीन चिठ्ठ्यांत तीन बी वेळा भारीच पहिला निघंल, एवढं नशीब माझं कधी नव्हतं." मग पडद्याकडं वळले. "सुलेखा, भाएर ये. खरं सांग."

मी पडदा सारून बाहेर आले. त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिले, माइक तोंडाशी धरला. "दोनदा चूक होतं," मी म्हटलं. "मी खोटं बोलले."

"म्हणजे तुला ठाऊक व्हतं," हे म्हणाले. लोकांना नाही, मला.

मी मान हलवली. त्यांनी माइक घेतला. "डाव्या कानानं ऐकूच येत नाय. उजव्यानं अर्धं येतं, अर्धं ओठांवरून वळखतो. माझ्या इज्जतीपायी तुमची वर्गणी नका घालू."

मला वाटलं, आता कोणीतरी हसेल. पारूबाई उठली, गुडघे धरत, बायांच्या मधून वाट काढत पुढं आली. त्यांच्या समोर उभी राहिली, अगदी जवळ.

"मंग माझा जय भीम तुझ्या कानात गेलाच नव्हता व्हय रं?"

"नाय, मावशी."

"आन् म्या इतके म्हैने तुझ्यावर रुसून बसले. म्हणलं साहेब झाला." तिनं दोन्ही हात जोडून त्यांच्या नाकासमोर धरले आणि ओरडली, "जय भीम!"

"जय भीम," हे म्हणाले आणि खाली बसून लहान लेकरासारखे रडले. मागून एकेक जण उठून समोर यायला लागला. प्रत्येक जण समोर येऊन, तोंड नीट दाखवून जय भीम घालत होता. काकासाहेबांनीसुद्धा घातला. मी पडद्याचं टोक हातात घट्ट धरून उभी होते.

सेटचं पुढं काय झालं तेही लिहिते. पारूबाई म्हणाली, "आता आमाला ईचारा की." विचारलं. मागच्या बायांना दोन्ही सेट सारखेच, दोन्हींत गुणगुण. हे डोळे पुसून उठले आणि हॉलभर टाळ्या वाजवत फिरले, भिंतीला हात लावून बघत. म्हणाले, दोष सेटचा नाय, फरशीचा आन् काचांचा. साधा घ्या, पण स्पीकर छोटे आन् जास्त, बायांच्या जवळ जवळ लावा. काचांना जाड पडदे करा. त्यांनी एक साधा स्पीकर उचलून मधल्या खांबाला टेकवला आणि पारूबाईला मागं बसवून पोरीचं वाचन लावलं. ती ऐकत राहिली. "हां," म्हणाली, "आता ती काय म्हणती ते कळतंय."

अभय भारी सेट टेम्पोत चढवत होता. मी जवळ गेले. त्याला काहीतरी म्हणायचं होतं मला. तोच म्हणाला, "वहिनी, मी भाऊंना दिवाळीपासून सांगतोय, कान दाखवून घ्या. माझे वडील लई उशिरा गेले. आन् वायरींचं म्हणाल, तर गिऱ्हाईक म्हणलं फरक पडला, की मी म्हणतो पडला." ह्या शेवटच्या वाक्यामुळं माझी माफी तोंडातच राहिली.

घरी येताना रिक्षात हे उजव्या बाजूला मला घेऊन बसले. मग म्हणाले, "तू बरोबर का म्हणलीस?"

"तुम्ही हरू नये म्हणून."

"मी हरायलाच गेलो व्हतो," ते म्हणाले. माझा हात मात्र सोडला नाही.

४ जुलै, शुक्रवार

कान दाखवले. डॉक्टरांनी नस कमजोर झालीय म्हणून सांगितलं, मशीन लावा म्हणाले. शेजारीच मशीनीचं दुकान. तिथं तनुजा नावाची तरुण मुलगी, हसरी, मंजूळ बोलणारी. मी लगेच सावध झाले.

तिनं दोन मशीनी काढल्या. एक साधी, एक भारी. भारीच्या पेटीत आतून कापड होतं. साधीपेक्षा भारीत काय जास्त, मी विचारलं. म्हणाली, गर्दीत समोरच्याचं बोलणं वेगळं ऐकू येतं, काकू. कोणी तपासलं? तिनं वरखाली जाणाऱ्या रेघांचा एक कागद दाखवला. रेघा कोणीही काढेल. आणखी चार प्रश्न विचारले, तिनं न चिडता उत्तरं दिली. न चिडणाऱ्या दुकानदाराचा मला जास्त राग येतो.

ह्यांनी आधी साधी घातली. बाहेर रस्ता, सिटी बस, कुणाचं तरी भांडण. ऐकत राहिले. मग भारी घातली. खिडकीकडं तोंड करून उभे राहिले, माझ्याकडं पाठ. मी जाग्यावरूनच, नेहमीच्या आवाजात विचारलं, "काय फरक आहे का?"

"हाय," ते म्हणाले. "ह्यात फरक हाय."

सगळ्या नोकरीभरचा संशय पुन्हा जागा झाला. किंमत बघून म्हणतायत का? मला बरं वाटावं म्हणून? पेटीत कापड आहे म्हणून? मी त्यांना वळवून चेहरा बघितला. डोळे ओले होते, पण त्यानं काय सिद्ध होतं? ह्या माणसाच्या कानात काय शिरतं, ते बाहेरून मोजायला माझ्याकडं काही नव्हतं. तनुजाकडंही नव्हतं, तिच्या रेघांतही नव्हतं. जे काही होतं ते त्यांच्या शब्दात होतं.

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की."

मी तनुजाला म्हटलं, "हीच द्या."